शाळेची यादी आणि ‘मोफत’ शिक्षण

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वह्या, पेन्सिली, गणवेश, बूट आणि दप्तर हा काय पक्षाच्या अभ्यासवर्गात चर्चा करण्याचा विषय झाला, असे एखाद्या सभासदाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु जो प्रश्न दरवर्षी शाळा उघडण्याच्या तोंडावर कोट्यवधी श्रमिक कुटुंबांची झोप उडवतो, तो कामगारवर्गाच्या पक्षाला किरकोळ मानता येणार नाही. १८४८ साली मार्क्स आणि एंगल्स यांनी कम्युनिस्ट जाहीरनाम्यात तातडीच्या दहा उपायांची मांडणी केली. त्यांतील दहावा उपाय सर्व मुलांना सार्वजनिक शाळांतून मोफत शिक्षण देण्याचा होता. ‘मोफत’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, एवढाच प्रश्न आज येथे विचारावयाचा आहे.

शाळा सुरू होताना मुलाच्या हाती एक यादी दिली जाते. पाठ्यपुस्तके, व्यवसायपुस्तिका, शंभर पानी, दोनशे पानी, एकेरी, दुरेघी, चौकटीच्या आणि चित्रकलेच्या वह्या, कव्हरचा कागद, कंपासपेटी, रंगपेटी, नेहमीचा गणवेश, खेळाच्या तासाचा वेगळा गणवेश, काळे बूट, पांढरे बूट, पट्टा, टाय, ओळखपत्र, दप्तर, डबा, पाण्याची बाटली अशी ती वाढत जाते. महाराष्ट्रात त्याच सुमारास पाऊस सुरू होतो, म्हणून छत्री किंवा रेनकोट हवाच. एका घरात दोन-तीन मुले शिकत असली की तितक्या याद्या येतात. शाळेचे शुल्क माफ असते, कमी असते किंवा हप्त्याने भरता येते. यादीतला माल मात्र बहुधा रोखीने आणि एकदमच घ्यावा लागतो.

हा बोजा किती, याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत सापडते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने एप्रिल ते जून २०२५ या काळात शिक्षणाविषयी एक देशव्यापी नमुना पाहणी केली. तिच्यानुसार सरकारी शाळेतील एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाला त्या शैक्षणिक वर्षात सरासरी २,८६३ रुपये खर्च करावे लागले. बिगर-सरकारी शाळांत हाच आकडा २५,००२ रुपये, म्हणजे जवळजवळ नऊपट होता. सर्व प्रकारच्या शाळा एकत्र धरल्या, तर सर्वांत मोठा खर्च शुल्काचा, सरासरी ७,१११ रुपये आणि त्याखालोखाल पाठ्यपुस्तके व लेखनसाहित्याचा, सरासरी २,००२ रुपये होता.

या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सरकारी शाळांतील केवळ २६.७ टक्के विद्यार्थ्यांना शुल्क द्यावे लागले, असे तीच पाहणी सांगते. म्हणजे चारांपैकी सुमारे तिघांना शुल्क नव्हते. तरीही दर विद्यार्थ्यामागे सरासरी २,८६३ रुपये गेलेच. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने एका मुलाच्या ‘मोफत’ शाळेसाठी नऊ दिवसांहून अधिक आणि दोघांसाठी अठरा दिवसांहून अधिक मजुरी मोजावी लागते. शुल्काचा दरवाजा बंद झाला आणि तोच खर्च यादीच्या खिडकीतून घरात शिरला, असाच याचा अर्थ होतो. यादी हे शुल्काचेच दुसरे रूप आहे, हा आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा होय.

कॉम्रेड्स, मोफत शिक्षणाची मागणी या देशात फार जुनी आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला आणि रयतेच्या घामातून गोळा होणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे सरकारला स्पष्टपणे सुनावले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. एका संस्थानाला जे शक्य वाटले, ते साम्राज्याच्या तिजोरीला परवडत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत ठरवली. ती १९६० साली संपली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. प्राथमिक टप्प्यावर पाठ्यपुस्तके व लेखनसाहित्य मोफत द्यावे, असेही त्या आयोगाने म्हटले. ती ६ टक्क्यांची मर्यादा देशाने आजवर एकदाही गाठलेली नाही. २०२० च्या शिक्षण धोरणात तोच आकडा पुन्हा छापला गेला, एवढेच.

२००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याचे तिसरे कलम प्रत्येक सभासदाने नीट वाचले पाहिजे. प्राथमिक शिक्षण घेण्यात व पूर्ण करण्यात अडथळा आणील असे कोणतेही शुल्क, आकार अथवा खर्च मुलावर लादता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. कायद्याने येथे शुल्कावर न थांबता ‘खर्च’ हा शब्दही वापरला आहे. त्याखाली केंद्राने २०१० साली केलेल्या नियमांत तर मोफत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश यांचा स्वच्छ उल्लेख आहे. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेणारी दुर्बल घटकांतील मुलेही त्या नियमांत येतात. अशा मुलाच्या पालकाला शुल्क माफ करून पुस्तकांचा व गणवेशाचा हिशेब पुढे केला जातो, तेव्हा कायद्याच्या हेतूवरच घाला घातला जातो.

यादीतून मिळणारा फायदा कोणाच्या खिशात जातो, हा यापुढचा प्रश्न आहे. खाजगी शाळांच्या बाबतीत यादी हे बाजारपेठ बांधून घेण्याचे साधन बनले आहे. पुस्तके ठराविक प्रकाशकाची असतात, वह्यांवर शाळेचे बोधचिन्ह छापलेले असते आणि गणवेशाचे कापड एकाच दुकानात मिळते. पुस्तके सुटी मिळत नाहीत, सगळा संचच घ्यावा लागतो. आवृत्ती दरवर्षी बदलते. पूर्वी थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीला चालत असे. आता उत्तरे पुस्तकातच लिहावयाची असल्यामुळे ते पुस्तक वर्षाअखेरीस रद्दी होते. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, दिल्लीची नई सडक, कोलकात्याचे कॉलेज स्ट्रीट अशा बाजारांतील जुन्या पुस्तकांच्या आधाराने गरिबांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. व्यवसायपुस्तिकेने तो आधार पालकांच्या हातून काढून घेतला. यात कोपऱ्यावरच्या छोट्या वही-पेन विक्रेत्याचेही नुकसान आहे, कारण सगळे गिऱ्हाईक शाळेने नेमलेल्या एकाच दुकानाकडे वळते. तो छोटा दुकानदार या लढ्यात पालकांच्या बाजूचा आहे, हे विसरता कामा नये.

यावर सरकारे काय करतात? एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना तंबी दिली की, शाळा हे व्यापाराचे ठिकाण नव्हे. पुस्तके व गणवेश शाळेत किंवा ठराविक दुकानांतून विकण्याची प्रथा बंद करावी, असे त्या पत्रकात म्हटले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय परिषदेची पुस्तके विकण्याच्या निमित्ताने शाळेच्या आवारात छोटे दुकान उघडण्यास मुभा मिळाली. दिल्लीत २०२२ साली शिक्षण संचालनालयाने आदेश काढला. खाजगी शाळांनी जवळच्या किमान पाच दुकानांची नावे जाहीर करावीत आणि गणवेशाचा रंग व नमुना किमान तीन वर्षे बदलू नये, असे त्यात सांगितले होते. मे २०२४ मध्ये मध्य प्रदेशात जबलपूरच्या जिल्हा प्रशासनाने ११ खाजगी शाळांच्या प्रकरणात शाळाचालक, पुस्तकविक्रेते व प्रकाशक यांच्यावर संगनमताच्या आरोपाखाली गुन्हे नोंदवले. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. प्रशासनाने मनावर घेतले तर हात घालता येतो, ही पहिली. पालकांची संघटित शक्ती मागे उभी नसेल तर परिपत्रक फायलीत राहते, ही दुसरी.

सरकार या व्यवहारात केवळ बघ्याची भूमिका घेत होते असेही नव्हे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मुलांच्या वह्यांवर व पेन्सिलींवर १२ टक्के कर बसला. जुलै २०२२ मध्ये पेन्सिलीला टोक काढण्याच्या शार्पनरवरील कर १८ टक्के करण्यात आला. हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील कर जानेवारी २०२२ पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर व शार्पनर करमुक्त झाले आणि स्वस्त पादत्राणांवरील कर पुन्हा ५ टक्क्यांवर आला. परंतु त्याच फेरबदलात छपाईच्या कागदावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. आठ वर्षे शेतमजुराचे मूल वहीच्या प्रत्येक पानामागे सरकारला कर देत होते. याच आठ वर्षांच्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यापायी वर्षाला १,४५,००० कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. करव्यवस्था कोणत्या वर्गाची सेवा करते, हे समजण्यास जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नाही. मुलाच्या वहीची पावती पुरेशी आहे.

विडी कामगारांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर बसवण्यात आला होता. त्या निधीतून दवाखाने चालत आणि विडी कामगारांच्या मुलांना गणवेश व पुस्तकांसाठी साहाय्य मिळे. २०१७ साली नव्या करपद्धतीच्या नावाखाली तो उपकर रद्द झाला. सोलापूर असो की निजामाबाद, विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या मुलांचे हे साहाय्य त्यानंतर स्वतःचा असा निधी गमावून सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आले.

हा बोजा घरातल्या घरातही सारखा वाटला जात नाही. खेड्यात जून हा पेरणीचा महिना. बी-बियाणे, खते आणि शाळेची यादी एकाच आठवड्यात दाराशी येतात, आणि शेतकऱ्याच्या हाती सर्वांत कमी पैसा असतो तोही याच महिन्यात. मग सावकार, बचत गट किंवा सूक्ष्म कर्ज देणारी कंपनी यांचा दरवाजा ठोठावला जातो. ही धावपळ बहुतेक घरांत आई करते. दुकानात उभी राहून यादीतल्या कोणत्या वस्तूवर काट मारावयाची, हेही तिलाच ठरवावे लागते. अनेक घरांत मुलाला नवे दप्तर मिळते आणि मुलीला जुने शिवून दिले जाते. कायद्याचे संरक्षण आठवीला संपते आणि नववीपासून यादी अधिकच लांबते. नेमक्या त्याच वळणावर पुष्कळ मुलींची शाळा सुटते. ज्या मुलाजवळ वही नाही, बूट नाहीत, त्याला वर्गात उभे केले जाते. काही दिवस हा अपमान सोसून ते मूल शाळेला जाणेच सोडते, आणि हजेरीपटावर त्याच्या गैरहजेरीचे कारण म्हणून गरिबीची नोंद कोणी करीत नाही.

याला पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांनी दक्षिणेकडे पाहावे. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१७ साली सरकारी शाळांतील मुलांना हातमागाच्या कापडाचा मोफत गणवेश देण्यास प्रारंभ केला. मुलाला कपडा मिळाला आणि सहकारी क्षेत्रातील विणकराला काम मिळाले. त्याच राज्यात ग्राहक सहकारी संघ शाळा उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांसाठी बाजार भरवतो आणि वह्या, दप्तरे, छत्र्या सवलतीच्या दराने विकतो. त्यामुळे खुल्या बाजारातील भावालाही लगाम बसतो. तामिळनाडूत सरकारी शाळांतील मुलांना गणवेशाचे चार संच, वह्या, दप्तर, पादत्राणे, कंपासपेटी व रंगपेन्सिली देण्याच्या योजना आहेत. त्या द्रविड पक्षांच्या सरकारांनी सुरू केल्या. जे चांगले आहे, ते चांगले म्हणण्यात आपल्या पक्षाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र इशारा देणारा आहे. समग्र शिक्षा योजनेत गणवेशाच्या दोन संचांसाठी दर विद्यार्थ्यामागे ६०० रुपये, म्हणजे कापड व शिलाई धरून एका संचास ३०० रुपये, असे प्रमाण ठरले. २०२४-२५ साली राज्य सरकारने गणवेशाचे काम शाळांच्या हातून काढून वरून चालवले. कापण्याचे काम ठेकेदाराकडे आणि शिवण्याचे महिला बचत गटांकडे दिले. कित्येक मुलांना गणवेश महिनोन्महिने मिळाले नाहीत, मिळाले ते मापाचे नव्हते, आणि दोष मात्र शिवणाऱ्या स्त्रियांच्या माथी आला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. २०२३ साली वहीचा खर्च व दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घालण्यात आली. मुले वेगळ्या वह्या वापरीतच राहिली आणि २०२५ साली तोही निर्णय मागे घेण्यात आला. शिक्षक व पालक यांना न विचारता मंत्रालयात कल्पना लढवल्या की असेच होते. वस्तू सार्वजनिक पैशाने, वेळेवर आणि पालकांच्या देखरेखीखाली मिळाली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी सुटली तरी योजना ठेकेदाराची होते.

आता दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा. पहिला आक्षेप असा की, पालकांनी काटकसर करावी, जुनी पुस्तके वापरावीत, म्हणजे प्रश्न सुटेल. काटकसर काय असते हे श्रमिकांच्या घराला शिकवण्याची गरज नाही. तेथे ती रोजचीच आहे. पण व्यवसायपुस्तिका आणि छापील बोधचिन्ह हे काटकसरीचे मार्गच बंद करण्यासाठी आहेत. दुसरा आक्षेप आपल्याच काही कार्यकर्त्यांकडून येतो. खाजगी शाळेत मुले घालणाऱ्या पालकांनी तक्रार का करावी, त्यांनी सरकारी शाळेत यावे, असे ते म्हणतात. हा उपदेश फोल आहे. रिक्षाचालक, घरकामगार स्त्री, कंत्राटी कामगार पोटाला चिमटा घेऊन मुलाला खाजगी शाळेत घालतात. सरकारी शाळेत शिक्षक कमी पडतात, वर्ग एकत्र बसवले जातात, याची फळे ते पाहतात. सुरतेच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या खानदेशी कामगाराचे मूल महापालिकेच्या मराठी शाळेत शिको की शेजारच्या इंग्रजी शाळेत, यादी दोघांनाही छळते. पालकांना दोष देऊन त्यांना संघटित करता येणार नाही. खाजगी शाळेतील पालकाला लुटीविरुद्ध साथ द्यावी आणि त्याच लढ्यात सरकारी शाळेच्या सुधारणेची मागणी त्याच्या तोंडून वदवून घ्यावी, हाच योग्य मार्ग आहे.

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात.

१. पहिली ते बारावीपर्यंत सर्व सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके, वह्या, लेखनसाहित्य, गणवेश व पादत्राणे शाळेच्या पहिल्या दिवशी मोफत मिळावीत.

२. गणवेशाचे दर महागाईशी जोडावेत, आणि कापड व शिलाईचे काम हातमाग सहकारी संस्था व महिला गटांना रास्त मोबदल्यावर द्यावे.

३. खाजगी शाळांनी वस्तूंची यादी, किमती व प्रकाशकांची नावे प्रवेशापूर्वी जाहीर करावीत. ठराविक दुकान, पूर्ण संच व छापील वह्या यांची सक्ती दंडनीय ठरावी.

४. २५ टक्के राखीव जागांवरील मुलांना पुस्तके, लेखनसाहित्य व गणवेश मोफत मिळतात की नाही, याची जिल्हानिहाय तपासणी व्हावी.

५. पाठ्यपुस्तकांच्या कागदावरील कर रद्द करावा आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी कायमस्वरूपी निधीची तरतूद करावी.

मागण्या लिहून काढल्याने काम संपत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. किती शाखांनी आपले पालक सभासद या समित्यांत पाठवले, याचा हिशेब प्रत्येक शाखेने घ्यावा. एप्रिलमध्ये निकाल लागताच वस्तीवस्तीत पुस्तकांची देवघेव सुरू करावी. ही देवघेव दानधर्म नव्हे. पालकांना एकत्र आणण्याचा तो पहिला प्रसंग आहे. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदित कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये व आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये साहाय्य मिळते. नोंदणीअभावी पुष्कळजण त्याला मुकतात. ही नोंदणी करून देणे हे संघटनेचे रोजचे काम समजले पाहिजे. शिक्षकांच्या संघटनांशी बोलावे. गरीब मुलाची वही स्वतःच्या पगारातून आणून देणारे शिक्षक गावोगाव आहेत. त्यांना शत्रुपक्षात ढकलू नये.

कॉम्रेड्स, मजुरीवाढीसाठी कामगार संपावर जातो, तेव्हा तो मुलाच्या वहीसाठीही लढत असतो. मिळालेली वाढ दर जूनमध्ये यादीच्या रूपाने परत काढून घेतली जात असेल, तर कारखान्याच्या दारातील लढा शाळेच्या दारापर्यंत नेला पाहिजे. पुढच्या वर्षी शाळा उघडण्यापूर्वी आपल्या वस्तीतील प्रत्येक शाळेची यादी शाखेच्या टेबलावर असली पाहिजे. तिच्यातील वस्तू कोणी ठरवल्या, त्या कोण विकतो आणि कायद्याने कोणी द्यावयास हव्यात, याची उत्तरे मागण्यासाठी पालक एकत्र निघाले पाहिजेत. ज्या दिवशी ते एकटे दुकानापुढे उभे न राहता एकजुटीने शिक्षणाधिकाऱ्यापुढे उभे राहतील, त्या दिवशी ‘मोफत’ या शब्दाला अर्थ येण्यास आरंभ होईल.